तेल पाजण्याआधी

माझ्या हातून गेलेली पहिली बॅग प्रेमापोटी गेली. अकोल्याला जठारपेठेतल्या घरी माळा आवरताना आईची तपकिरी, खांद्याला अडकवायची पर्स सापडली. आई शाळेत शिकवायची. नोकरी लागल्यावर पहिल्या काही पगारांतून, १९७४ च्या सुमारास, तिनं ती घेतली होती. बावीस वर्षं पर्स तिच्या खांद्यावर होती, मग माळ्यावर गेली. कड्या काळ्या पडल्या होत्या, कप्प्यात खडूची भुकटी होती. म्हटलं, नवी करून आईच्या हातात देऊ. कपड्याच्या साबणाच्या वडीनं खसाखसा घासली, बादलीत बुचकळली आणि गच्चीवर पालथी घातली. महिना मे. संध्याकाळी आणायला गेले तर पर्सचा पापड झालेला. घाबरून अर्धी वाटी खोबरेल जिरवलं. श्रावणात तिच्यावर पांढरं आलं, ते पुसलं. पौषात पुन्हा पांढरं आलं, तेही पुसलं. ही दोन पांढरी वेगवेगळी होती हे कळायला मला आणखी तीन वर्षं लागली.

अमरावतीला राजकमल चौकाजवळ बसणाऱ्या एका मोचीकाकांकडे शेवटी ती नेली. त्यांनी पर्स उघडली नाही, वाकवूनही पाहिली नाही. आधी नाकाशी धरली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, याले तेल कायले पाजलं? हे तहानेल नाई, भाजेल हाय."

हे पुस्तक म्हणजे त्या वाक्यावरची लांबलेली टीप आहे.

जुन्या चामड्याच्या बॅगा म्हटलं की काचेच्या कपाटात ठेवलेल्या पॅरिस-मिलानच्या बॅगा डोळ्यांपुढे येतात. वऱ्हाडातल्या माळ्यांवर त्या क्वचितच. इथे निघतात त्या शिक्षिकेच्या आणि नर्सबाईंच्या पर्सा, वकिलाची कुलूपवाली बॅग, जुन्या डॉक्टरांची तोंडाशी रुंद उघडणारी काळी पेटी, कापसाच्या अडत्याकडच्या मुनिमाची पैशांची थैली. एसटी १ जून १९४८ ला सुरू झाली, आणि कंडक्टरच्या खांद्यावरची ती जाड चामडी पिशवी पुढे कित्येक घरांत निवृत्तीनंतरची आठवण म्हणून खुंटीला राहिली. कोलकात्याच्या सहलीतून आणलेली, नक्षी दाबून काढलेली आणि बाटिकनं रंगवलेली शांतिनिकेतनी पर्स तर मध्यमवर्गीय घरात हटकून असायचीच. १९७८ साली पुद्दुचेरीला सुरू झालेल्या हायडिझाइनच्या बॅगा पुढच्या पिढीच्या. त्याहून अलीकडे, अमेरिकेतल्या लेकीनं तिथल्या जुन्या बाजारातून आणून दिलेली कोच कंपनीची बॅगही एखाद्या घरी दिसते.

बाईच्या खांद्यावर पर्स आली ती तिच्या नावानं पगार येऊ लागला तेव्हा. त्याआधी पैसे कनवटीला, फार तर बटव्यात. म्हणून आईच्या पर्सला मी नुसती वस्तू म्हणत नाही, ते तिच्या नोकरीचं दप्तर आहे. आतल्या खिशाच्या कडेला रोज एकाच बोटानं घासून आलेली झिलई कुठल्याही क्रीमनं आणता येत नाही आणि ती घालवायचीही नसते. या पुस्तकाचा सगळा कल या एका गोष्टीकडे आहे हे वाचकाला आधीच सांगून टाकते.

पहिली चाळणी मात्र निर्दय आहे. माझ्याकडे लोकांनी आणलेल्या 'चामड्याच्या' बॅगांपैकी बऱ्याच चामड्याच्या नव्हत्याच. रेक्झिन म्हणजे लेप चढवलेलं कापड. अलीकडची पॉलियुरेथेनची बॅग म्हणजे कापडावर चिकटवलेली पातळ कातडी. हवेतला ओलावा त्या थराचे रासायनिक दुवे तोडत जातो आणि एके दिवशी मांडीवर, सोफ्यावर, गाडीच्या सीटवर त्याचे पोपडे पडू लागतात. ती सालपटं परत चिकटत नाहीत. दोन पावसाळ्यांत गेलेली अशी बॅग घेऊन येणाऱ्याला "हे दुरुस्त होत नाही" असं सांगावं लागतं, आणि त्याच वेळी त्याच्या आजोबांची साठ वर्षांची थैली धडधाकट असते. पारख अवघड नाही. कापलेली कड पाहा, आतली बाजू चाचपा. चामड्याची कड तंतुमय असते, रेक्झिनच्या कडेला कापडाचा दोरा दिसतो.

चामडं काय आहे हे समजल्याशिवाय ते धुऊ नये, आणि ते समजायला कमावण्याच्या कुंडापर्यंत मागे जावं लागतं. जनावराचं कच्चं कातडं ओलं राहिलं तर सडतं, वाळलं तर लाकडासारखं होतं. कमावणं म्हणजे या दोन्हींच्या मधली वाट काढणं. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांतला तुरट अर्क कातड्यातल्या तंतूंना घट्ट धरतो आणि मग ते सडायचं विसरतं. आपल्याकडच्या गावठी पद्धतीत चुन्यातून काढून केस उतरवलेलं कातडं चक्क पिशवीसारखं शिवत, सालीच्या पाण्यानं भरत आणि टांगून ठेवत. पाणी झिरपत राही, खालच्या भांड्यातलं पुन्हा वर ओतत. बॅग होण्याच्या कितीतरी आधी कातडं एकदा पिशवी होऊन गेलेलं असे. ही हकिगत मला फार आवडते.

यंत्रयुगात वाट बदलली. न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं, १८९३ मध्ये मार्टिन डेनिस यांनी ती पद्धत सोपी केली, आणि महिन्यांचं काम दिवसांवर आलं. हिंदुस्थानात कानपूरला १८६० च्या दशकापासून फौजेसाठी खोगिरं आणि जिनसाज बनत होते. मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रोमचे प्रयोग केले. चेन्नईचं क्रोमपेट हे उपनगर तिथल्या क्रोम लेदर कंपनीचं नाव आजही मिरवतं. केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ मध्ये मद्रासलाच उभी राहिली.

घरी बॅग साफ करणाऱ्याला या इतिहासाशी काय घेणं? सगळंच. सालीनं कमावलेलं चामडं पाण्याचा थेंब पडताच गडद होतं, हाताळून मुरतं, उन्हानं काळवंडतं. क्रोमचं चामडं मऊ, एकसारख्या रंगाचं, पाण्याला जरा निर्ढावलेलं. कच्चं कातडं पाण्यात साधारण ६० ते ६५ अंशांना आकसतं, सालीचं चामडं ७५ ते ८५ च्या दरम्यान, क्रोमचं शंभरच्या आसपास टिकतं. पण जुनं, आतून खचलेलं सालीचं चामडं ओलं असताना याहून खूप कमी उष्णतेत दगा देतं. मे महिन्यात गच्चीच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही, तिथे ओली पर्स पालथी घातली तर पापडच होणार. वर साबण. चामडं स्वभावानं आम्ल, त्याचा सामू चारच्या आसपास. कपड्याचा साबण नऊ-दहाचा. रंग, तेल आणि कमावणी या तिघांनाही साबण एकाच वेळी सैल करतो.

तरवडाची एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. रस्त्याकडेला पिवळ्या फुलांनी भरणारं हे आपलं झुडूप. दक्षिणेत त्याच्या सालीनं शेळ्या-मेंढ्यांची कातडी कमावून ती शिपलोडनं इंग्लंडला जात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकडच्या ग्रंथालयांतल्या पुस्तकांच्या पाठी तांबूस भुकटी होऊन झडू लागल्या. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं १९०० मध्ये समिती नेमली. १९०५ च्या अहवालात तरवडानं कमावलेल्या हिंदुस्थानी कातड्याला पुस्तकबांधणीसाठी सर्वांत वाईट ठरवण्यात आलं. कोळशाच्या धुरातलं गंधकाम्ल विशिष्ट जातीच्या सालींनी कमावलेल्या चामड्यात मुरतं आणि त्याचे तंतू तोडतं, हे त्यामागचं कारण. हिरड्याच्या जातीचे तुरट अर्क त्यापुढे जास्त टिकतात. ज्या बॅगेवरून हात फिरवला की बोटांना विटकरी पूड लागते तिला हाच रोग झालेला असतो. तिला तेल द्याल तर पुडीचा चिखल होईल. अशा बॅगेला सेल्युलोजचं एक साधं संयुग अल्कोहोलमध्ये विरघळवून हलकेच पाजतात, म्हणजे पूड जागच्या जागी बसते. बरी मात्र ती होत नाही. कोळशाच्या गाड्यांच्या काळात रेल्वे वसाहतीतल्या घरांत राहिलेल्या दोन थैल्या मी पाहिल्या, दोन्हींना हा रोग होता. दोनवरून सिद्धान्त मांडत नाही, पण मनात नोंद आहे.

वऱ्हाड कापसाचा मुलूख. चामड्याशी त्याचं नातं फारसं कुणी सांगत नाही. ते घट्ट होतं. विहिरीवरची मोट चामड्याची, तिची सोंड चामड्याची, बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा चामड्याचा, आसुडाची वादी चामड्याची. जिनात सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्राचा रोलर चामड्याच्या चकत्या दाबून बनवलेला असतो. खरखरीत चामड्याला रुईचे धागे चिकटतात आणि सुरी सरकीला अडवते, एवढीच त्या यंत्राची युक्ती. अमरावती-अकोल्याच्या जिनांतून निघालेली प्रत्येक गाठ कधी ना कधी चामड्याला घासून गेलेली आहे. त्या रोलरच्या झिजेतून क्रोमियम रुईत आणि कामगारांच्या श्वासात जातं म्हणून केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं क्रोमविरहित रोलर तयार केले, हा पुढचा भाग. यंत्रं वरून फिरवणारे लांब पट्टेही चामड्याचे असत. जिनातून बाद झालेल्या पट्ट्याचं चामडं चपलांच्या तळव्यात आणि थैल्यांच्या बुडात गेल्याचं जुने कारागीर सांगतात. तशी एक थैली मी हाताळली आहे. तिचं बूड पायरीच्या दगडासारखं आहे.

आता ज्या गोष्टीला वळसा घालून अशी पुस्तकं लिहिली जातात तिच्याकडे. चामड्याची जाण आपल्या समाजात काही ठरावीक वस्त्यांमध्ये कोंडून ठेवली गेली होती. मेलेलं जनावर ओढणारे महार, कातडं कमावणारे ढोर, चपला-मोटा शिवणारे चांभार. गावाला त्यांचं काम हवं होतं, त्यांची सावली नको होती. आमच्या घरी चपला दाराबाहेर, पर्स मात्र देवघराच्या भिंतीवर खुंटीला. हे आईला आणि मलाही कधी खटकलं नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली गुरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडायला सांगितलं. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न उभा राहिला. पुढच्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय काढलं. आपसूक मेलेल्या जनावरांचंच कातडं घ्यायचं आणि वरच्या जातींतल्या कार्यकर्त्यांनी स्वतः कमावायला शिकायचं, हा गांधीजींच्या विचारातला कार्यक्रम. काही वर्षांच्या अंतरानं दोन हाका उठल्या असं म्हणता येईल: एक म्हणे हे काम टाका, दुसरी म्हणे हे काम सगळ्यांनी करा. मला पहिल्या हाकेतला राग अधिक खरा वाटतो. पण घरी बसून जुनी पर्स साफ करणारी मी, नकळत, दुसऱ्या हाकेच्या रांगेत उभी आहे हेही दिसतं. आरी, रापी, मेणवलेला दोरा, सोल्यूशन हे शब्द मी पुस्तकातून शिकले नाही, रस्त्याच्या कडेला बसून शिकले. शिकवणाऱ्यांनी नावं छापू नका म्हटलं. कारणं प्रत्येकाची वेगळी होती, एकाचं कारण मला बोचलं: "पोट्टं बँकेत लागलं हाय, त्याच्या सायबानं वाचलं तं?"

डागडुजीच्या जगात चार घराणी आहेत, आणि ती एकमेकांकडे फारशी प्रेमानं बघत नाहीत.

पहिलं घराणं मोच्यांचं. वस्तू चालली पाहिजे हा त्यांचा एकच कायदा. तुटलेला बंद शिवा, चेनचा रनर बदला, कड ठोका, वरून पॉलिश मारा. त्यांचा टाका यंत्राच्या टाक्यापेक्षा टिकाऊ असतो, कारण हाताच्या शिवणीत दोन सुया दोन बाजूंनी जातात. एक टाका तुटला तरी शिवण उसवत नाही. त्यांचा दोष रंगाचा. बुटाचं काळं-तपकिरी पॉलिश ते पर्सलाही लावतात आणि मग ते साडीला लागतं.

दुसरं घराणं संग्रहालयांचं. इंग्लंडात नॉर्दॅम्प्टनला १९७८ पासून चामड्याच्या जतनाचं केंद्र आहे. या लोकांचं ब्रीद: कमीत कमी करा, आणि केलेलं परत काढता येईल असंच करा. पण हे शहाणपण त्यांनाही ठेच लागूनच आलं. ब्रिटिश म्युझियमच्या नावानं ओळखलं जाणारं एक मलम होतं. लोकरीतली चरबी, देवदाराच्या जातीचं तेल, मधमाशांचं मेण, हेक्झेन. कित्येक दशकं जगभरच्या ग्रंथालयांत ते पुस्तकांच्या पाठींना माखलं गेलं. मग लक्षात आलं की चामडं त्यानं काही टिकत नाही, फक्त काळवंडतं आणि धूळ धरतं. अर्धी वाटी खोबरेल ओतणारी मी एकटी नव्हते हे वाचून बरं वाटलं.

तिसरं घराणं रंगाऱ्यांचं, महानगरांतल्या महागड्या दुकानांचं. भेगा भरायच्या, घासायच्या, अ‍ॅक्रिलिकचा रंग फवारायचा. फोटोत बॅग नवी दिसते. खरं तर ती त्या रंगाखाली पुरलेली असते. या घराण्याशी माझं जमत नाही. काही वाचकांचं जमेल, बॅग त्यांची आहे.

चौथं हौशी मंडळींचं, आणि ते सर्वांत बोलघेवडं. १९४१ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या कोच कंपनीसाठी बॉनी कॅशिन यांनी १९६२ पासून हातमोज्यांच्या मऊ चामड्याच्या बॅगा घडवल्या. त्या जुन्या बॅगा अख्ख्याच्या अख्ख्या कोमट पाण्यात बुडवून धुवायची रीत तिकडे रुजली आहे. तिथे ती चालते, कारण त्या बॅगांना अस्तर नसतं, आत पुठ्ठा नसतो आणि चामडं जाड. तेच पाहून आपल्याकडे कुणी शांतिनिकेतनी पर्स बादलीत घातली तर बाटिकचे रंग पसरतील, आतला पुठ्ठा विरघळेल, खळीनं चिकटवलेलं अस्तर सुटेल आणि हातात शेवया येतील. असं घडलेलं मी पाहिलं आहे. बॅग माझी नव्हती, एवढंच समाधान.

या चारही घराण्यांनी न पाहिलेलं एक प्रकरण आहे: वऱ्हाडचं वर्ष.

बहुतेक परदेशी पुस्तकं खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आहे असं धरून चालतात. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी ती २० च्या घरात उतरते आणि अकोल्याचा पारा ४५ अंशांशी खेळतो. तीन महिन्यांनी तीच हवा ८० टक्क्यांच्या वर जाते. आकसणं आणि फुगणं, वर्षाला एकदा, न चुकता. त्यात कूलर. एप्रिल ते जून ज्या खोलीत कूलर चालतो ती खोली दमट, शेजारची भट्टी. पर्स कपाटात असेल आणि ते कपाट कूलरच्या झोताच्या भिंतीला असेल तर भर उन्हाळ्यात बुरशी येते. मी याला 'कूलरबुरशी' म्हणते, ती पावसाळी बुरशीपेक्षा चिवट असते, कारण तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. आणि माळा? वर तापलेला स्लॅब, खाली बंद दार. माळ्यावर चामडं ठेवणं म्हणजे मंद आचेवर ठेवणं.

आता त्या दोन पांढऱ्यांची गोष्ट. पावसाळ्यातलं पांढरं म्हणजे बुरशी: ठिपक्याठिपक्यांचं, केसाळ, कुबट वासाचं. हिवाळ्यातलं पांढरं म्हणजे चामड्यातली चरबी गारठून पृष्ठभागावर आलेली: पातळ, एकसारखं, बोटाला मेणचट, वास नाही. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून द्या. विरघळून गायब झालं तर चरबी, तसंच राहिलं तर बुरशी. खोबरेल थंडीत गोठतंच, बाटलीत रोज पाहतो. चामड्यात ते वेगळं कशाला वागेल?

तेलांविषयी आपल्या भागात काही समज फार पक्के आहेत. जवस आपल्याकडे पिकतो, म्हणून जवसाचं तेल लावणारे भेटतात. ते हवेत वाळून घट्ट होणारं तेल आहे, म्हणूनच रंगांत वापरतात. चामड्यात ते आधी चिकट आणि मग कडक होतं. करडईही थोडी त्याच वळणाची. एरंडेल वाळत नाही, जुने लोक ते मोटेला आणि चपलेला लावत ते उगीच नाही. पण मोट रोज पाण्यात भिजे, तिच्यातून तेल धुऊन जाई, म्हणून परत द्यावं लागे. कपाटातली पर्स कुठल्या विहिरीत उतरते? कारखान्यातच चामड्यात तेल मुरवलेलं असतं. ते उडून जातं हा समज जाहिरातींनी जोपासलेला आहे. बहुतेक कडक झालेली चामडी तेलाअभावी कडक झालेली नसतात. त्यांचे तंतू उष्णतेनं, साबणानं किंवा वयानं एकमेकांना चिकटलेले असतात. भाजेल हाय, तहानेल नाई.

कड्या-बकलांभोवती जमणारं हिरवं मेण हाही याच तेलाचा प्रताप. पितळेतलं तांबं आणि चामड्यातली चरबी मिळून ते बनतं. लाकडी टोकरणीनं खरवडून काढावं. चिंच किंवा भांड्यांची पूड लावली तर पितळ लखलखेल आणि शेजारचं चामडं जन्माचं डागाळेल. सॅनिटायझरचे डाग हा २०२० नंतरचा नवा रोग: अल्कोहोलनं वरचा रंग उडतो आणि पांढुरका ठिपका राहतो. तो डाग नसतो, खड्डा असतो. पुसून जात नाही. शेगावच्या कचोरीचं तेल मात्र जातं. ताजं असेल तर ज्वारीचं पीठ दाबून रात्रभर ठेवावं, पीठ तेल ओढून घेतं.

आत्ताच हे पुस्तक का, असं प्रकाशकांनी विचारलं होतं. एक तर सत्तरच्या दशकात नोकरीला लागलेली पिढी आता जाते आहे आणि तिचे माळे रिकामे होत आहेत. बोहारणीला काय द्यायचं आणि काय ठेवायचं हा निर्णय घरोघरी याच वर्षांत होतो आहे. दुसरं, २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. आणि जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या मंचावर तसल्याच चपला नावाचा उल्लेख न करता मांडल्या तेव्हा सगळा महाराष्ट्र चामड्यावर बोलू लागला. त्या बोलण्यात अभिमान भरपूर होता, चामड्याची माहिती बेताची. मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. ती योग्य की अयोग्य हा वाद इथला नाही, पण कमावणाऱ्याच्या कुंडात येणारं कातडं त्यानं बदललं. जुन्या थैलीचं चामडं हातात घेऊन "असं आता कुठं भेटते?" असं मोचीकाका म्हणतात तेव्हा त्यात नुसतं स्मरणरंजन नसतं.

आणि तिसरं कारण, जे मला सर्वांत जवळचं वाटतं: दुरुस्त करणारे कमी होत आहेत. राजकमलचे काका गेल्या दिवाळीपासून बसत नाहीत, डोळे साथ देत नाहीत. त्यांच्या जागी मोबाइलच्या काचा बदलणारा बसतो. मुलगा चांगला आहे. पर्सची चेन मात्र त्याला लावता येत नाही.

या पुस्तकाला जमतं तेवढंच ते करतं. घरात असलेल्या वस्तूंनी, म्हणजे मऊ ब्रश, जुनं सुती लुगडं, रिठ्याचं पातळ पाणी, पांढरा कागद, कोळशाची पुरचुंडी यांनी, जुनी बॅग वाचावी कशी आणि मग स्वच्छ कशी करावी हे ते सांगतं. वाचावी हा शब्द मुद्दाम वापरला. पुस्तकातला मोठा भाग हात न लावता पाहण्याचा आहे. शिवण उसवली असेल, चामडं फाटलं असेल, कड निघाली असेल तर ते तुम्हाला कारागिराकडे पाठवतं, आणि त्याला काय सांगायचं, कुठलं पॉलिश लावू द्यायचं नाही, घासाघीस का करायची नाही हेही सांगतं. बॅग नवी करण्याची कृती यात नाही. स्वेडच्या मखमली बॅगांवर जेमतेम चार पानं आहेत, कारण वऱ्हाडच्या धुळीत त्या टिकलेल्या मी फार पाहिल्या नाहीत. किमतीच्या बॅगा विकून नफा कमावण्याविषयीही काही नाही.

कृतींमधली प्रत्येक गोष्ट मी स्वतः करून पाहिली आहे, आणि त्यासाठी वापरली ती आईचीच पर्स. पापड झाल्यामुळे तिचं आणखी काही बिघडणार नव्हतं. तिच्या तळावर आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं चौकोन आखले आहेत. एकात एरंडेल, एकात जवस, एकात मेण, एकात बाजारातलं महाग क्रीम, एकात नुसतं पाणी, आणि एक मुद्दाम कोरा. कोरा चौकोन अकरा वर्षांनंतर कसा दिसतो याचं छायाचित्र आत आहे. आईनं ते पाहिलं तेव्हा म्हणाली, "माझ्या पर्सची तू चक्क वही केलीस." मग तिनं चष्मा लावून कुठल्या चौकोनात काय आहे ते मला एकेक विचारलं आणि दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं.

पुस्तक कुठल्याही पानापासून उघडता येईल, पण महिना पाहून उघडावं. कामाला बरे दिवस कार्तिक ते माघ. हवा कोरडी असते पण भाजत नाही, ओला भाग सावलीत दोन दिवसांत वाळतो. पाऊस चालू असेल तर धुण्यापुसण्याचं काही करू नये, आधी बुरशीचा भाग वाचावा आणि बॅग पंख्याखाली उघडी ठेवावी. बाहेर मे असेल तर आज काहीच करायचं नाही. शिडी लावायची, माळ्यावरून बॅग खाली आणायची, आतल्या चिठ्ठ्या-तिकिटं काढून बाजूला ठेवायची आणि कूलर नसलेल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर दूर, सुती कापडात सैल गुंडाळून ठेवून द्यायची.